बालवर्गात दिवसभर खेळच चालतो. मग शिक्षण नेमके कुठे होते?

चौकस पालक

नमस्कार. माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. ती ज्या बालवर्गात जाते तिथे दिवसाचा बहुतेक वेळ खेळण्यात जातो. ठोकळे, वाळू, पाणी, रंग, गोष्टी आणि मुलांनी आपापसांत रचलेले घर-घर, दवाखाना-दवाखाना असे खेळ. वह्या जवळपास नाहीतच. या वयात हेच शिक्षण आहे असे तिथल्या शिक्षिका सांगतात आणि मला ते पटावेसेही वाटते. परंतु तिच्याच वयाची ओळखीतली मुले शंभरपर्यंत अंक लिहितात, मुळाक्षरे गिरवतात हे पाहिले की मनात पाल चुकचुकते.

खेळातून मूल काय शिकते, हे कोणी जरा नेमकेपणाने सांगू शकेल का? 'सर्वांगीण विकास' हा शब्द मी इतक्या माहितीपत्रकांत वाचला आहे की त्यातून आता काहीच कळेनासे झाले आहे. शिवाय खेळ हेच जर शिक्षण असेल, तर ते घरीही होऊ शकते. मग वर्ग आणि शिक्षिका यांचे काम काय उरते? आणखी एक काळजी अशी की ती वर्गात बरेचदा इतर मुलांच्या शेजारी बसते, पण खेळते आपली आपण. तिच्या बाबतीत 'मुलांमध्ये मिसळणे' होतच नसेल, तर या पद्धतीचा तिला उपयोग तरी काय?

बालवर्गाच्या ताई

मी बरीच वर्षे तीन ते सहा वयोगटातील मुलांना शिकवते आहे. खेळातून काय शिकले जाते हे सांगण्यासाठी वर्गात नेहमी दिसणारा एक प्रसंग जवळून पाहू.

चार मुले दवाखाना-दवाखाना खेळायला जमतात. त्यांतल्या तिघांना डॉक्टर व्हायचे असते. थोडी ओढाताण होते, एक जण रुसून बाजूला जातो आणि मग कोणीतरी तोडगा काढते, "तू दिवसाची डॉक्टर हो, मी रात्रीचा होतो आणि याला ऑपरेशनचा डॉक्टर करू." पेशंट झालेली मुलगी सतरंजीवर आडवी असते. पाच मिनिटांत तिला कंटाळा येतो आणि ती उठून ठोकळ्यांकडे निघते. लगेच तिघेही ओरडतात, "तू आजारी आहेस ना! आजारी माणूस पळत नसतो." ती पुन्हा येऊन आडवी होते. मोठ्या माणसाने सांगितले असते तर ती इतका वेळ पडून राहिली असती का, याचा विचार करून पाहावा.

या पंधरा-वीस मिनिटांत मुले पुढे काय घडणार हे एकमेकांना शब्दांत सांगतात, दुसऱ्याला काय हवे आहे याचा अंदाज घेतात, आपले म्हणणे पुढे रेटतात, ते थोडे सोडतातही आणि स्वतःच केलेला नियम पाळण्यासाठी आपल्या इच्छेला आवर घालतात. हे शेवटचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी 1933 साली दिलेल्या खेळावरील व्याख्यानात याच मुद्द्यावर भर दिला होता. खेळ म्हणजे मोकाट वागणे असे आपण समजतो, पण कल्पित भूमिका घेतली की तिच्यासोबत नियम येतातच, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी दिलेले उदाहरण मोठे मार्मिक आहे. पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणी एकमेकींना म्हणतात, चल, आपण बहिणी-बहिणी खेळू या. एरवी त्या बहिणी असतातच, पण बहिणीने कसे वागायचे असते याचा विचार त्यांच्या मनात नसतो. खेळ सुरू झाल्याबरोबर त्या सारखे कपडे घालतात, हात धरून चालतात आणि आम्ही दोघी एकीकडच्या, बाकीचे परके, असे दाखवतात. जी गोष्ट नुसती जगली जात होती, ती आता नियम म्हणून जाणवू लागते.

पुढे 1948 मध्ये त्यांच्याच परंपरेतील संशोधिका मनुइलेन्को यांनी मुलांना हलू न देता उभे राहायला सांगून पाहिले. नुसते 'स्थिर उभे राहा' असे सांगितल्यावर मुले जितका वेळ उभी राहत, त्याच्या कितीतरी अधिक वेळ ती 'पहारेकरी' झाल्यावर उभी राहत. पुढे पहिलीत गेल्यावर आपल्याला मुलाकडून जे हवे असते, म्हणजे जागेवर बसणे, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे, हातातले काम मध्येच न टाकणे, त्याचा सराव इथे होत असतो.

आता शिक्षिकेचे काम. वरच्या खेळात मी कुठेच दिसत नाही, पण त्या कोपऱ्यात सतरंजी, जुना स्टेथोस्कोप आणि कोरे कागद मीच ठेवलेले असतात. चार दिवस खेळ त्याच त्या वळणाने गेला, की पाचव्या दिवशी मी तिथे एक पेन्सिल आणि छोटी वही ठेवते. मग डॉक्टर औषध 'लिहून' देऊ लागतात. आधी नुसत्या रेघोट्या असतात. काही दिवसांनी एखादे मूल येऊन विचारते, "ताई, माझे नाव कसे लिहायचे?" त्या क्षणी मी त्याला अक्षर दाखवते आणि ते अक्षर त्याच्या लक्षात राहते, कारण ते त्याने मागितलेले असते. मुलांचे भांडण झाले तर मी लगेच न्यायनिवाडा करत नाही. मारामारीची वेळ येऊ देत नाही एवढेच. "त्याला काय हवे आहे ते त्याने सांगितले का?" इतके विचारून थांबते. घरी खेळ होऊ शकतो आणि व्हावाही, पण घरी एकाच वयाची, आपले ऐकायला अजिबात बांधील नसलेली पाच-सहा मुले मिळत नाहीत. मोठी माणसे मुलाशी खेळताना समजून घेतात, हरतात, पाळी सोडतात. सवंगडी यातले काही करत नाहीत आणि म्हणूनच त्यांच्याशी पटवून घेण्यासाठी मुलाला स्वतःचे म्हणणे नीट मांडावे लागते.

मानसशास्त्राचा अभ्यासक

ताईंनी केलेले वर्णन मला मान्य आहे. तरीही खेळाच्या बाजूने बोलताना आपण पुराव्यापेक्षा पुढे जाऊ नये, म्हणून थोडी भर घालतो.

खेळाने बुद्धी वाढते, सर्जनशीलता वाढते, भाषा सुधारते, अशी विधाने सर्रास केली जातात. 2013 साली अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कल्पित खेळावरील अनेक दशकांचे संशोधन तपासले आणि यांतल्या बऱ्याच दाव्यांना कार्यकारणाचा भक्कम आधार नाही असा निष्कर्ष काढला. ज्या मुलांची भाषा चांगली असते ती कल्पित खेळही अधिक खेळतात हे खरे, पण त्यामुळे खेळानेच भाषा सुधारली असे सिद्ध होत नाही. भाषा चांगली असल्यामुळे खेळ रंगत असेल, किंवा मुलांशी भरपूर बोलणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसामुळे दोन्ही घडत असेल. त्यांनी खेळ निरुपयोगी ठरवला असा याचा अर्थ कोणी काढू नये. लहान मुलांना टेबलाशी बसवून धडे द्यावेत असे त्या लेखाचे म्हणणे मुळीच नाही.

माझ्या मते खरा प्रश्न मोठ्या माणसाने खेळात किती आणि केव्हा शिरावे हा आहे. या बाबतीत एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. 2011 मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी बालवर्गातील मुलांपुढे नळ्या जोडून बनवलेले एक अनोळखी खेळणे ठेवले. त्यात चार गमती दडवलेल्या होत्या. एक नळी ओढली की चीं असा आवाज होई, एका नळीतला दिवा बटणाने लागे, एकीतून सूर निघत आणि एकीत आरसा होता. काही मुलांना प्रयोगकर्तीने 'हे बघ, हे खेळणे असे चालते' असे म्हणून आवाजाची गंमत मुद्दाम दाखवली. काहींपुढे तोच आवाज जणू चुकून झाला असे भासवले. काहींना काहीच दाखवले नाही. नंतर खेळणे मुलांच्या हाती दिल्यावर ज्यांना मुद्दाम शिकवले होते त्यांनी तो आवाज पुन्हा पुन्हा काढला, पण बाकीच्या गमती शोधण्यात ती इतरांपेक्षा मागे राहिली. मुलांचा तर्क चुकीचा नव्हता. जाणत्या माणसाने एकच गोष्ट दाखवली, तेव्हा दाखवण्यासारखे तेवढेच असणार, असे त्यांनी धरून चालले. शिकवण्याने ती विशिष्ट गोष्ट पक्की होते आणि त्याच वेळी शोध थांबतो, हा या प्रयोगाचा बोध प्रत्येक उत्साही पालकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. (आपण नवे खेळणे खोक्यातून काढल्या काढल्या त्याचे प्रात्यक्षिक देऊ लागतो, ते यासाठीच थोडे थांबवावे.)

याच्या नेमके उलट टोकही आहे. 2013 मध्येच केली फिशर आणि सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या 70 मुलांना भौमितिक आकार तीन पद्धतींनी शिकवले. एका गटाला सरळ सांगितले, दुसऱ्याला आकारांचे साहित्य देऊन मोकळे सोडले आणि तिसऱ्या गटात मोठ्या माणसाने मुलांबरोबर 'आकारांचे गुपित' शोधण्याचा खेळ मांडून मध्ये मध्ये प्रश्न विचारले. त्रिकोण म्हणजे तीन बाजू आणि तीन कोन, मग तो लांबुळका असो वा उलटा पडलेला असो, हे तिसऱ्या गटाला सर्वांत चांगले उमगले. मोकळे सोडलेल्या मुलांना आकारांची व्याख्या आपोआप सापडली नाही. म्हणजे 'मुले खेळताहेत ना, मग शिकताहेतच' असेही म्हणून चालत नाही. ज्या खेळात दिशा मुलाची असते, पण हेतू आणि साहित्य मोठ्यांनी विचारपूर्वक ठरवलेले असते, त्याला मार्गदर्शित खेळ म्हणतात.

तुमच्या मनातली अंकांची काळजी लक्षात घेऊन अजून एक उदाहरण देतो. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी 2008 मध्ये अल्प उत्पन्न गटातील बालवर्गाच्या मुलांना 1 ते 10 अंक एका ओळीत असलेला पट खेळायला दिला. चक्री फिरवायची, सोंगटी पुढे सरकवायची आणि ज्या घरांवरून ती जाईल त्या घरांचे अंक मोठ्याने म्हणायचे, इतका साधा खेळ. पंधरा-वीस मिनिटांच्या चारच बैठका दोन आठवड्यांत झाल्या. एवढ्याने त्या मुलांची कोणती संख्या मोठी, कोणती लहान, अंक कुठे बसतो याची समज सुधारली. अगदी तसाच पण अंकांऐवजी रंगांचा पट खेळलेल्या मुलांमध्ये ही सुधारणा दिसली नाही. खेळ दोन्हीकडे होता, सोबतही दोन्हीकडे होती. फरक पडला तो पटावर काय मांडले होते आणि खेळताना मुलांना काय बोलायला लावले, याने.

पहिलीचा शिक्षक

मी या चर्चेत थोडा विरोधी सूर लावणार आहे, आणि तो मुद्दाम नाही. आमच्याकडे मुले सहाव्या वर्षी येतात, त्यामुळे बालवर्गात पेरलेले जे उगवते ते आम्हाला दिसते.

बोलणे मूल सहवासाने शिकते, परंतु वाचणे-लिहिणे तसे येत नाही. लिपी ही माणसाने ठरवलेली गोष्ट आहे, कोणत्या खुणेचा कोणता ध्वनी हे कोणीतरी पद्धतशीर शिकवावेच लागते. कितीही सुंदर खेळ मांडला तरी मूल बाराखडी स्वतःहून शोधून काढणार नाही. म्हणून 'वह्या नाहीत' ही गोष्ट अभिमानाने सांगणाऱ्या वर्गांबद्दल मला थोडी शंका वाटते. गाणी, यमके, शब्दातला पहिला ध्वनी ओळखण्याचे खेळ, मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणे, यांतले काहीच नसेल, तर केवळ वही नसणे हा गुण होत नाही.

एवढे म्हटल्यावर तुमच्या काळजीबद्दलही स्पष्ट सांगतो. शंभरपर्यंत अंक लिहून आलेल्या कितीतरी मुलांना मी समोर मण्यांचा ढीग ठेवून 'यातले आठ दे' असे सांगतो, आणि ती मूठभर मणी उचलून देतात. सात मोठे की नऊ, असे विचारले तर माझ्या चेहऱ्याकडे पाहून उत्तराचा अंदाज घेतात. अंकांची आकृती काढणे हे हाताचे कौशल्य झाले. संख्या कळणे ही वेगळी गोष्ट आहे. ती कळायला मोजावे लागते, वाटून घ्यावे लागते, 'त्याला माझ्यापेक्षा दोन जास्त का' यावरून भांडावेही लागते. पेन्सिल लवकर हातात देण्याबाबत माझा आक्षेप असा आहे की बोटांची आणि मनगटाची पकड तयार नसताना मूल ती चुकीची धरते आणि ती सवय मोडताना आमचा आणि त्याचा जीव मेटाकुटीला येतो. माती मळणे, कागद फाडणे, मणी ओवणे, कात्री चालवणे यांनी हात आधी तयार व्हावा.

लवकर सुरुवात करणारा कायमचा पुढे जातो का, याबद्दल न्यूझीलंडमधील अभ्यास पाहण्यासारखा आहे. सेबॅस्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी साधारण पाचव्या वर्षी औपचारिक वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना सातव्या वर्षी शिकू लागलेल्या मुलांशी केली. अकराव्या वर्षाच्या आसपास दोन्ही गटांच्या वाचनात फरक उरला नव्हता. फिनलंडमध्येही नियमित शाळा सातव्या वर्षी सुरू होते. मात्र तिथे सहाव्या वर्षी पूर्वप्राथमिकचे एक वर्ष असते, त्यामुळे ती मुले सात वर्षे नुसती हुंदडतात असा समज करून घेऊ नये.

पहिलीत येणाऱ्या मुलांमध्ये मला खरोखर जाणवणारी उणीव अक्षरांची नसते. अक्षरे मी काही महिन्यांत शिकवू शकतो. मदत कशी मागावी हे न कळणारे, डाव हरल्यावर सगळा पट उधळून टाकणारे, शेजाऱ्याचा धक्का लागला तर तो चुकून लागला असेल हे ध्यानातच न येणारे मूल शिकायला बसवणे फार अवघड जाते, आणि चाळीस जणांच्या वर्गात ते शिकवायला मला सवडही मिळत नाही.

चौकस पालक

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. अंकांची काळजी बरीचशी मिटली. आता माझी अडचण उरते ती एकटे खेळण्याची. ती घरी बडबड करते, बाहुल्यांशी तासन्‌तास संवाद चालतात, एका चुलत बहिणीशी छान जमते. परंतु वर्गात ती इतरांच्या जवळ बसून, त्यांच्याकडे अधूनमधून पाहत, स्वतःचेच काहीतरी करत असते. दुसरे म्हणजे, तिला भाषा आणि अंक शिकवणारे मोबाईलवरचे कार्यक्रम दाखवले तर सवंगड्यांची उणीव थोडी भरून निघेल का?

निवृत्त मुख्याध्यापिका

तुम्ही केलेल्या वर्णनावरून काळजीचे कारण दिसत नाही. समोर मूल नसताना याहून ठाम बोलणे बरोबर होणार नाही.

मुले एकत्र असताना कशी खेळतात याचे वर्गीकरण मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये मांडले आणि ते आजही वापरात आहे. काहीच न करणे, एकट्याने खेळणे, दुसऱ्यांचा खेळ नुसता पाहणे, शेजारी बसून तसलेच साहित्य घेऊन पण वेगळे खेळणे, एकमेकांत देवाणघेवाण करत खेळणे आणि शेवटी एक हेतू ठरवून, कामे वाटून घेऊन खेळणे. तुमची मुलगी जे करते तो यांतला शेजारी-शेजारी खेळण्याचा, म्हणजे समांतर खेळाचा प्रकार आहे. पुष्कळ वर्षे याकडे एक पायरी म्हणून पाहिले गेले, की मूल मोठे झाले म्हणजे ती मागे पडते. नंतर बारकाईने निरीक्षण केल्यावर असे दिसले की मुले समांतर खेळाचा उपयोग सामूहिक खेळात शिरण्याचा रस्ता म्हणून करतात. नव्या गटाजवळ बसायचे, तसेच ठोकळे घ्यायचे, त्यांचे काय चालले आहे याचा अदमास घ्यायचा आणि योग्य वेळी आपला ठोकळा त्यांच्या पुलाला लावायचा. 'मला खेळायला घ्या' असे थेट विचारणाऱ्या मुलाला नकार मिळण्याचा संभव असतो. अशा रीतीने शिरणाऱ्याला बहुधा कोणी हटकत नाही. ही चतुराई आहे आणि काही मुलांना तिच्यासाठी इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो.

एकटे खेळणेही सगळे सारखे नसते. एखादे मूल एकटेच बसून तल्लीनतेने इमारत रचत असेल, तर ते त्याच्या एकाग्रतेचे लक्षण आहे. दुसरे मूल कोपऱ्यात उभे राहून सतत इतरांकडे पाहते, त्याला जावेसे वाटते, पण पाय उचलत नाही. या दुसऱ्या मुलाला मदतीची गरज असते. शिक्षिकेला विचारताना 'ती एकटी असते का' असे न विचारता 'एकटी असताना ती रमलेली असते की ताटकळलेली' असे विचारावे.

मदत करायची झाली तर मोठ्या गटात ढकलू नये. 1979 सालचा फर्मन, राहे आणि हार्टअप यांचा एक जुना पण महत्त्वाचा प्रयोग आहे. इतरांत न मिसळणाऱ्या बालवर्गातील मुलांना त्यांनी एका वेळी एकाच सवंगड्याबरोबर खेळायला दिले. काहींना समवयस्क सोबती दिला, काहींना वयाने थोडा लहान. लहान सोबती मिळालेल्या मुलांचे वर्गातले मिसळणे सर्वांत जास्त सुधारले. कारण समजण्यासारखे आहे, लहानापुढे बुजऱ्या मुलालाही पुढाकार घेता येतो, त्याचे ऐकले जाते आणि आपल्यालाही खेळ चालवता येतो असा विश्वास येतो. एकाच वयाचे कप्पे पाडलेल्या वर्गांपेक्षा मिश्र वयाचे वर्ग मला पसंत पडतात, त्याचे हे एक कारण. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहापासून त्यांच्या पद्धतीत मिश्र वयाचे गट आहेत. कल्पित खेळाला मात्र त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. त्या बाबतीत मी ताईंच्या बाजूची आहे.

नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद नसणे, बोट दाखवून एखादी गोष्ट दुसऱ्याच्या नजरेस आणून न देणे, खोटे-खोटे खेळणे अजिबात नसणे, किंवा आधी येत असलेले शब्द नाहीसे होणे, यांपैकी काही दिसले असते तर मी तुम्हाला बालविकासतज्ज्ञांकडे लगेच जायला सांगितले असते. बाहुल्यांशी संवाद करणाऱ्या आणि बहिणीशी रमणाऱ्या मुलीबाबत तसे काही दिसत नाही.

मोबाईलचे उत्तर 'नाही' असेच आहे, पण कारणासकट देते. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणूस बसून खेळत, वाचत, बोलत होता; काहींना तीच माणसे, तोच मजकूर पडद्यावर दाखवला; काहींना फक्त आवाज ऐकवला. प्रत्यक्ष माणूस मिळालेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. बाकीच्यांवर काही परिणाम झाला नाही. पुढे 2014 मध्ये रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिन्कॉफ यांनी दाखवले की दोन ते अडीच वर्षांची मुले थेट व्हिडिओ संभाषणातून नवे शब्द शिकतात, पण त्याच बोलण्याच्या ध्वनिचित्रफितीतून शिकत नाहीत. म्हणजे दोष पडद्याच्या काचेचा नाही. मूल काही बोलले तर समोरून त्याला अनुसरून उत्तर येते की नाही, यावर सारे अवलंबून आहे. आजी दूरगावी असेल आणि नातीशी रोज व्हिडिओवर बोलत असेल, तर ते खुशाल चालू द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितली आहे आणि कमी असल्यास अधिक चांगले असेही म्हटले आहे. त्याच शिफारशींत दिवसभरात मिळून किमान तीन तासांची हालचाल सांगितली आहे, जिची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

बालवर्गाच्या ताई

पहिलीच्या सरांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. मुळाक्षरे खेळातून आपोआप येतात असे मीही म्हणणार नाही. मी फक्त ती मुलाने मागितल्यावर देते, आणि वर्ष संपेपर्यंत एखाद्याने मागितलीच नाहीत तर ती मागावीशी वाटतील अशी परिस्थिती निर्माण करणे हे माझे काम समजते. गाणी आणि ध्वनींचे खेळ आमच्याकडे रोज असतात. ते नसलेला वर्ग मलाही अपुरा वाटेल.

चौकस पालक, आपल्या मुलीचा वर्ग खरोखर शिकवतो आहे की मुलांना केवळ सांभाळतो आहे, हे पारखायचे असेल तर परवानगी घेऊन एखादा तास तिथे बसा. सलग खेळायला किती वेळ मिळतो ते पाहा. दर पंधरा मिनिटांनी घंटा होऊन साहित्य आवरायला लावत असतील, तर भूमिका ठरेपर्यंतच वेळ संपतो आणि कोणतीही गोष्ट रचली जात नाही. पाऊण तास तरी अखंड मिळायला हवा. शिक्षिका कुठे असते तेही पाहा. ती टेबलाशी बसून वह्या तपासत असेल किंवा सारखी सूचना देत फिरत असेल, तर दोन्ही बाबतींत खेळाकडे तिचे लक्ष नाही. ती जमिनीवर, मुलांच्या उंचीवर बसलेली असेल, बहुतेक वेळ ऐकत असेल आणि विचारलेच तर 'हा कोणता रंग' याऐवजी 'हा पूल पडला का असेल' असे विचारत असेल, तर निश्चिंत राहा. साहित्यात एकच उपयोग असलेली, बटण दाबून वाजणारी खेळणी जास्त आहेत की ठोकळे, कापड, खोकी, दोऱ्या अशा हव्या त्या गोष्टी होऊ शकणाऱ्या वस्तू, यावरूनही बरेच कळते.

आणि निघताना शिक्षिकेला एवढेच विचारा की गेल्या आठवड्यात माझी मुलगी कोणाच्या शेजारी बसली, काय खेळली आणि कुठे अडली. तिने 'छान खेळते, हुशार आहे' असे उत्तर दिले तर थोडे खोलात जाऊन पुन्हा विचारा. 'मंगळवारी तिने दोघींच्या बोगद्याला स्वतःचा रस्ता जोडला, पण त्यांनी गाडी मागितल्यावर ती गाडी घेऊन उठून गेली' असे काही ऐकायला मिळाले, तर पुढच्या आठवड्यात तिला वयाने लहान असा एखादा सोबती देता येईल का, हे त्याच बैठकीत दोघींनी मिळून ठरवता येईल.